टपालाच्या पाकिटापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि काही आठवड्यांतच शिक्षण मोबाईलवर जाऊन पोहोचले. अनेक ठिकाणी वर्गातली तासिका जशीच्या तशी पडद्यावर आली, पाठ्यपुस्तकातल्या पानांची छायाचित्रे पाठवली गेली. विद्यार्थी कंटाळले, की दोष मोबाईलला देऊन आपण मोकळे होत होतो. पण शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याने कसे शिकायचे, हा प्रश्न मोबाईलपेक्षा बराच जुना आहे. आपल्या नाशिकमध्ये तर त्यावर त्याआधी तीस वर्षे काम चालू होते.

सुरुवात टपालापासून करू. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये स्वस्त टपालसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवत आणि पिटमन तो तपासून देत. म्हणजे धडा पाठवला की काम संपले असे नव्हते. उत्तर परत येणे हा शिक्षणाचाच भाग होता. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि छापील साहित्याला रेडिओ व दूरदर्शनची जोड मिळाली.

नाशिकचा प्रयोग

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे बोधवाक्य. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या अभ्यासाकडे येण्याची वाट येथे खुली झाली. हा विद्यार्थी दिवसभर शेतात, कारखान्यात किंवा घरकामात राबणारा. अभ्यासाला वेळ मिळणार तो तुकड्यातुकड्यांनी, आणि अडले तर विचारायला जवळ कोणी नाही.

अशा विद्यार्थ्यासाठी नेहमीचे पाठ्यपुस्तक पुरत नाही, कारण ते समजावून द्यायला शिक्षक असेल असे त्यात गृहीत धरलेले असते. म्हणून स्वयं-अध्ययनाची पुस्तके वेगळ्या रीतीने लिहावी लागतात. घटक लहान, आरंभी उद्दिष्टे, थोडे विवेचन झाले की स्वतःला तपासण्यासाठी प्रश्न, घटकाच्या शेवटी त्यांची उत्तरे आणि सारांश. थोडक्यात, वर्गात शिक्षक जे करतो ते सारे कागदावर आणायचे.

प्रयोगांचा दाखला

ही मांडणी योग्य का, याचे उत्तर पुढे प्रयोगांतूनही मिळाले. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, तर नुसते वाचणाऱ्यांना ४२ टक्के. स्वयं-अध्ययन प्रश्न असतात ते याचसाठी. २०१४ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांतील लक्षावधी नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा असे दिसले की चित्रफीत कितीही लांब असली तरी विद्यार्थी साधारणतः सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ती पाहत नाहीत.

मोबाईलसाठी पाठ

मोबाईलवर शिकणारा विद्यार्थी याच मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचा भाऊबंद आहे. त्याचाही वेळ तुटक असतो, आणि घरात फोन एकच असेल तर तो हाती येईल तेव्हाच अभ्यास. पडदा तळहाताएवढा, त्यावर मोठ्या पानाची प्रत उघडली की अक्षरे मुंगीएवढी होतात. म्हणून पाठ पाच-सहा मिनिटांचा असावा, एका पाठात एकच कल्पना असावी, आणि मजकूर व ध्वनिमुद्रण एकदा उतरवून घेतले की जोडणी नसतानाही चालावे. टपालाच्या तुलनेत मोबाईलचा मोठा फायदा म्हणजे उत्तर तत्काळ परत येते. तो न वापरता नुसती व्याख्याने पाठवली, तर आपण पिटमनच्याही मागे गेलो असे म्हणावे लागेल.

घनतेचा पाठ घ्या. 'साध्या पाण्यात बुडालेले अंडे मिठाच्या पाण्यात तरंगेल का?' असा प्रश्न आधी विचारावा आणि विद्यार्थ्याचा अंदाज मागवावा. मग फोन बाजूला ठेवून स्वयंपाकघरात प्रयोग करायला सांगावे. निरीक्षण आल्यावर, मीठ विरघळल्याने पाण्याची घनता अंड्यापेक्षा जास्त होते, हे दोन मिनिटांत समजावावे. शेवटी एक नवा प्रश्न: नदीपेक्षा समुद्रात पोहणे सोपे का वाटते?

असा पाठ लिहायला महाग यंत्रसामग्री लागत नाही. आमची शिक्षकांना सूचना आहे की, आपल्या विषयाचा एक घटक घेऊन तो या पद्धतीने लिहून पाहावा, आणि विद्यार्थी कोठे अडतात ते टिपून ठेवावे. पुढचा पाठ त्या टिपणांवरूनच सुधारेल.