घाटाखालून मॉरिशसकडे
पंत अमात्यांच्या जहागिरीतील गगनबावड्याहून करूळ व भुईबावडा हे घाट ज्या कोकणात उतरतात, त्या तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक जण मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे मुदतबंद कराराने बांधलेले मजूर, म्हणून गेले. ही पद्धत तेथे १८३४ मध्ये सुरू झाली. तेव्हा या प्रवासाची सारी आखणी ऋतूच्या हाती असे, कारण पावसाळ्यात दर्या खवळला की किनाऱ्यावरची गलबते नारळी पौर्णिमेपर्यंत शाकारलेली राहत आणि मुंबईचा जलमार्ग खुंटे. मुंबईहून पुढे शिडाच्या जहाजावर कित्येक आठवडे काढल्यावर पोर्ट लुईला उतरलेल्यांची नोंद १८४९ पासून ज्या तळावर होई, त्याच्या सोळा दगडी पायऱ्या, आप्रवासी घाट या नावाने, २००६ पासून जागतिक वारसास्थळात मोडतात.