सेरो रिको

बोलिव्हियातील पोतोसी शहरावर उभा असलेला, सुमारे ४,८०० मी. उंचीचा रौप्यगिरी. १५४५ मध्ये येथे चांदी सापडल्यावर स्पॅनिश अंमलदारांनी ‘मिता’ नामक वेठीचा दस्तूर जारी करून भोवतालच्या मुलखांतील सातांपैकी एक पुरुष आळीपाळीने खाणीत उतरविला. आणि अमेरिकेची जी चांदी युरोपमार्गे सुरतेला येऊन मोगल टांकसाळीत रुपया होई, तिच्यात या वेठबिगारांच्या प्राणांचाही अंश होता. आजही सहकारी संस्थांचे मजूर विरळ हवेत, कमरेत वाकून, अरुंद बोगद्यांत शिरतात. गालात कोकाच्या पानांचा तोबरा असतो. त्याने भूक व थकवा दबतो. सुरुंगाचा स्फोट व कोसळणारे छत यांची धास्ती सर्वांनाच असते. परंतु त्याहून घातक अशी सिलिकेची धूळ निःशब्दपणे फुप्फुसांत साठत जाऊन ऐन उमेदीतल्या माणसास धाप लावते. बोगद्याच्या एखाद्या वळणावर ‘एल टिओ’ची, म्हणजे काकाची, शिंगे असलेली मातीची मूर्ती बसलेली असते; तिच्या ओठांत पेटती सिगारेट ठेवून, पायाशी मद्य शिंपडून मजूर सुखरूप परतीची याचना करतात. अखंड उत्खननाने शिखर खचू लागल्यामुळे २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसीची नोंद संकटग्रस्त जागतिक वारशांत केली.