छावणींतला उजेड आणि त्याचा आवाज

ठाणें जिल्ह्यांत 'कॅम्प' हा इंग्रजी शब्द पूर्वीं फार निराळ्या अर्थानें रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें उल्हासनगर झालें. तरीहि 'कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन' ही भाषा लोकांच्या तोंडून गेलेली नाहीं. आजच्या सुशिक्षित घरांतील मुलें ज्याला कॅम्प म्हणतात, तो मात्र हौसेचा मामला आहे. शनिवारीं दुपारीं डोंबिवलीहून कसाऱ्याची गाडी धरून आसनगांवला उतरावें, किंवा कल्याणहून एस. टी. नें मुरबाडच्या बाजूला जावें, एखाद्या माळावर राहुट्या ठोकाव्यात आणि रविवारीं संध्याकाळीं परत फिरावें. या एका रात्रीच्या संसारांत आतां वीजहि बरोबर न्यावी लागते, आणि ती कशांतून न्यावी हा प्रश्न बाजारांत गेल्यावर बराच अवघड होऊन बसतो. त्या प्रश्नाला स्वतःचा असा एक इतिहास आहे.

मराठेशाहींतल्या फौजेचा तळ पडे, तेव्हां उजेडाची व्यवस्था मशालजींकडे असे. चिंध्या घट्ट गुंडाळलेली मशाल, तिच्यावर बुधलीनें तेल ओतीत उभा असलेला माणूस, सरदाराच्या डेऱ्यापुढें हिलाल, साध्या शिपायाजवळ एखादी दिवटी, हा सारा थाट. त्यांत धूर होता, तेलाचा खर्च होता, आगीचें भय होतें. आवाज तेवढा नव्हता. पुढें राकेल आलें आणि कांचेच्या चिमणीचा कंदील आला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीच्या ओगले बंधूंनीं काढलेला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रांत इतका घरोघर झाला, कीं कंदील म्हटला कीं प्रभाकरच डोळ्यांपुढें यावा. वाऱ्यांतहि तो जळे आणि मुकाट्यानें जळे. त्याच्यामागून गॅसबत्ती आली. पेट्रोमॅक्स हें मूळचें एका जर्मन बनावटीचें नांव. आपल्याकडे सगळ्याच गॅसबत्त्यांना तें चिकटलें. पंप मारून राकेलवर दाब आणावयाचा, त्याची वाफ जाळीवर पेटवावयाची, कीं लग्नाचा सारा मांडव पांढराशुभ्र उजळून निघे. मात्र ती बत्ती रात्रभर फुसफुसत असे. माणसानें बरोबर नेलेल्या उजेडाला आवाज जडला तो या बत्तीपासून, आणि त्या वेळीं त्याचें कोणाला कांहीं वाटलें नाहीं.

विजेची गोष्ट वेगळी. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें, कीं लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्याजवळ फिरवीत राहिलें म्हणजे तारेंत प्रवाह उत्पन्न होतो. जगांतले बहुतेक जनित्र अद्याप याच तत्त्वावर चालतें. फिरविण्याचें काम कोणीतरी करावयाचें, मग तें पाणी करो, वाफ करो किंवा पेट्रोल करो. आणि जो फिरवितो तोच गोंगाट करतो. ठाणें-कल्याणच्या लोकांना वीज कळली ती हा गोंगाट दूर ठेवूनच. टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं, भिऱ्याचें १९२७ सालीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गानें विजेची पहिली आगगाडी धांवली, आणि ५ नोव्हेंबर १९२९ रोजीं ती पुण्यापर्यंत पोंचली. त्या कामासाठीं जी. आय. पी. रेल्वेनें कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीला कोळशावर चालणारें स्वतःचें चोळा पॉवर हाऊस उभारलें. ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांच्या बोलण्यांत 'चोळा' हा शब्द अजून येतो, जरी तें केंद्र बंद पडून बराच काळ लोटला आहे. तेथें कोळसा फुटे, वाफ कोंडली जाई, चक्रें गरगरत. आणि मैलोगणती दूर असलेल्या गाडीच्या डब्यांतला दिवा मात्र नुसता लागे. घरांत येणारी वीज मुकी असते ती एवढ्यासाठींच, कीं तिचें बोलणें दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणांत चाललेलें असतें.

हातानें उचलून नेण्याच्या जनित्रानें हा करार मोडला. गिरणी आणि तिचा धुरांडा दोन्हीं आपल्याच राहुटीपाशीं आलीं.

त्याच्या आधीं हें दुखणें ओळखलें होतें तें तंबू-सिनेमावाल्यांनीं. जत्रेंतून हिंडणारे हे लोक इंजिन आणि जनित्र मोटारीवर बसवून नेत आणि ती मोटार तंबूपासून दूर उभी करून तारा ओढीत. नाहीं तर पडद्यावरील नायिकेचें गाणें कोणाला ऐकूं गेलें असतें? ज्यांना आज शांत जनित्राची चिंता पडते, त्यांनीं त्या अशिक्षित समजल्या गेलेल्या कारागिरांचा हा धडा प्रथम ध्यानांत घ्यावा. यंत्र दूर नेणें हें यंत्र बदलण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त असतें.

१९६५ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें ई-३०० हें तीनशे वॉटचें, एका माणसानें उचलण्याजोगें जनित्र बाजारांत आणलें. आपल्या देशांत १९८५ सालीं श्रीराम आणि होंडा यांची कंपनी निघाली, आणि पेट्रोलवर सुरू होऊन राकेलवर चालणारीं तीं लहान यंत्रें दुकानांच्या पायऱ्यांवर दिसूं लागलीं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या बाजारांतून संध्याकाळीं चालणें म्हणजे काय होतें, हें ज्यांनीं भोगलें त्यांना सांगावयास नको. दर दुकानापुढें एक दोरी ओढली जाई, दर दुकानापुढें निळसर धूर निघे, आणि भाव सांगतांना दुकानदार व गिऱ्हाईक दोघेहि ओरडत. आवाज मोठा म्हणजे शक्ति मोठी, अशी समजूत असलेले गिऱ्हाईकहि तेव्हां कमी नव्हते. पुढें १२ ऑक्टोबर १९२० नव्हे, २०२० रोजीं कळवा-पडघे या अति उच्च दाबाच्या वाहिन्यांवरील बिघाडानंतर मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई एकदम अंधारांत गेलीं, तेव्हां माळ्यावर टाकलेल्या जुन्या यंत्रांची अनेकांना आठवण झाली असली पाहिजे.

सरकारनेंहि या गोंगाटाकडे लक्ष दिलें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयें, विद्यालयें व न्यायालयें यांच्या शांतता क्षेत्रांत ती रात्रीं ४० वर येते. लहान पेट्रोल व राकेल जनित्रांसाठीं निराळी मर्यादा ठरली. ती १ सप्टेंबर २००३ पासून ८६ डेसिबल झाली. येथें वाचणाराची फसगत होते. हे ८६ म्हणजे यंत्रानें सर्व बाजूंनीं मिळून बाहेर टाकलेली ध्वनिशक्ति. कानाला ऐकूं येणारा आवाज अंतराप्रमाणें कमी होतो. मोकळ्या मैदानांत असल्या यंत्रापासून एक मीटरवर सुमारें ७८ आणि सात मीटरवर सुमारें ६१ डेसिबल भरतील. अंतर दुप्पट केलें, कीं सहा डेसिबल उतरतात, हा हिशेब पाठ ठेवावा. म्हणजे त्या यंत्राचा आवाज रात्रीच्या ४५ पर्यंत उतरवावयाचा तर चव्वेचाळीस मीटरच्या आसपास दूर जावें लागतें.

विक्रेत्यांच्या पत्रकांत '५० डेसिबल' असे ठळक आंकडे असतात. त्यांना दोन प्रश्न विचारावेत: किती अंतरावर, आणि किती भार असतांना? बहुतेक वेळां उत्तर येतें, सात मीटरवर आणि पाव भारावर. पूर्ण भार टाकतांच तो आंकडा सात-आठानें किंवा त्याहून अधिकहि चढतो. तरीहि असें यंत्र मुळांतच सौम्य असतें, आणि त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. जुन्या पद्धतीच्या लहान जनित्राला ती पन्नासाची संख्या राखण्यासाठीं मिनिटाला नेमके ३००० फेरे घ्यावे लागतात, मग त्यावर एक दिवा असो कीं दहा असोत. चार टप्प्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनांत त्याचा अर्थ सेकंदाला पंचवीस स्फोट. इन्व्हर्टर जातीच्या जनित्रांत निघालेली वीज आधीं एकदिश करतात आणि मग विद्युत्-मंडलाच्या साहाय्यानें तिला पन्नास आवर्तनांची बनवितात. त्यामुळें इंजिनाला फेऱ्यांचें बंधन उरत नाहीं. दोनच दिवे लागले असले तर तें हळू चालतें आणि पेट्रोलहि वांचवितें. शिवाय त्याला चहूंकडून झांकण असतें. किंमत मात्र जुन्या उघड्या सांगाड्याच्या यंत्रापेक्षां बरीच अधिक पडते, आणि बिघडल्यास गल्लींतल्या मेकॅनिकच्या हातीं तें लागत नाहीं.

पण बारा माणसांच्या एका रात्रीच्या मुक्कामाला जनित्र लागतेंच कां? दहा वॉटचे सहा दिवे पांच तास लावले तर ३०० वॉट-तास होतात. बारा मोबाइल, प्रत्येकीं वीस वॉट-तास धरले, तर २४०. वाया जाणारा भाग धरून सारी गरज साडेसहाशेच्या घरांत बसते. सातशे ते हजार वॉट-तासांची एक लिथियम बॅटरीची पेटी ती भागविते आणि बहुधा एखाद्या लहान पंख्याइतकाहि आवाज करीत नाहीं. यांत नवें काय, असें जुन्या माणसांनीं म्हणावें. वीज न पोंचलेल्या खेड्यांत रेडिओ ऐकावयाचा, तर बॅटरीच आणावी लागे आणि ती उतरली, कीं शहरांत भरावयास पाठवावी लागे. १८५९ सालीं प्लांटे यानें केलेला शिशाचा घट आणि १९९१ सालीं विक्रीस आलेला लिथियमचा घट, यांत वजनाचा फरक पडला, युक्ति तीच.

जनित्राची गरज खरी पडते ती मुक्काम दोन-तीन रात्रींचा असला, माणसें पन्नास असलीं, किंवा स्वयंपाकाला मिक्सर आणि पाणी चढविण्याला पंप लावावयाचा असला तर. पंपाची मोटर सुरू होतांना क्षणभर चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून पांचशे वॉटच्या पंपाला पांचशे वॉटचें यंत्र घेणारा माणूस अंधारांत बसतो. आणखी एक अडचण अगदीं येथलीच आहे. रेल्वेच्या प्रवासी गाड्यांत पेट्रोल किंवा राकेल नेण्यास मनाई आहे. तेव्हां कसारा लोकलनें जाणाऱ्या मंडळींनीं टांकी भरलेल्या जनित्राचा विचारच सोडावा. तें मोटारीनें जाणारांचें साधन आहे.

जागेचा विवेक यंत्राच्या निवडीइतकाच महत्त्वाचा. माहुलीचा किल्ला तानसा अभयारण्यांत येतो, ठाण्याचें येऊर हें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून व त्याच्या पोटांत आहे. अशा ठिकाणीं वनखात्याच्या परवानगीवांचून रात्रीं राहतां येत नाहीं, यंत्र लावणें तर दूरच. येऊरला रात्रीं उसळणाऱ्या गोंगाटाविरुद्ध ठाणेंकरांनीं वर्षानुवर्षें तक्रारी केल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. तेथील पाड्यांवर दिवसभर राबलेलीं माणसें निजतात आणि बिबट्या कानांच्या आधारें शिकार करतो. शहरांतून शांततेसाठीं आलेल्या पाहुण्यांनीं ती यजमानाकडून हिरावून घ्यावी, हा व्यवहार कोणत्या शिष्टाचारांत बसतो?

परवानगीच्या माळावर जनित्र लावावयाचेंच असेल, तर तंबू-सिनेमावाल्यांची तार पुन्हां आठवावी. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चाळीस मीटर दुहेरी तारेंतून एक हजार वॉट नेले, तर दोनशे तीस व्होल्टांतले सुमारें चारच गळतात. म्हणजे लांब ठेवण्यानें उजेड मंदावत नाहीं. यंत्र टणक खडकावर न ठेवतां रबरी चटईवर ठेवावें आणि धुराचें तोंड राहुट्यांच्या उलट बाजूला, म्हणजे वारा राहुट्यांपासून दूर जिकडे जातो तिकडे, करावें. पाऊस आला म्हणून यंत्र राहुटींत घेणें हा तर प्राणाशीं खेळ आहे. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्या माणसाला तो जागें होऊं देत नाहीं. राहुटीचें दार उघडें ठेवलें म्हणजे झालें, ही समजूत खोटी आहे. यंत्र जितकें शांत तितकी ही चूक सोपी, कारण कानाला तें जवळ असल्याचें खुपत नाहीं. पेट्रोल भरावयाचें तें यंत्र बंद करून, थंड झाल्यावर आणि चूल दूर असतांना.

यंत्र नेणाऱ्यांनीं निघण्याच्या आदल्या आठवड्यांत तें घराच्या गच्चीवर नव्हे, मोकळ्या मैदानांत पूर्ण भार टाकून अर्धा तास चालवून पहावें आणि तीस पावलांवर उभें राहून साध्या आवाजांत बोलून बघावें. पेटी नेणाऱ्यांचें काम याहून थोडें आहे. शुक्रवारीं रात्रीं ती घरच्या भिंतींतल्या खटक्याला लावून ठेवावी. शनिवारीं निघेपर्यंत ती भरलेली असते.