गाय गाभडली, दोष कुणाचा?

गटाचं कर्ज काढून घेतलेली गाय सातव्या महिन्यात गाभडली, तर वासरू गेलं, दूध गेलं, हप्ता मात्र राहिला. वर घरात चर्चा सुरू होते, नजर कुणाची लागली, विटाळ कुणी केला? बोट शेवटी बाईकडेच वळतं. म्हणून आज आम्ही तुम्हाला या दुखण्याच्या खऱ्या कारणाचा शोध कसा लागला, ते सांगणार आहोत.

युरोपजवळच्या समुद्रात माल्टा नावाचं छोटं बेट आहे. तिथे इंग्रज सैनिकांना विचित्र ताप यायचा. उतरायचा, पुन्हा चढायचा, महिनोन्‌महिने सांधे धरायचे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी त्याचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत त्यांची पत्नी मेरी बरोबरीने राबत होती. पण जंतू माणसात येतो कुठून, हे कळेना.

उत्तर दारातच उभं होतं. माल्टात गवळी शेळ्या घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि दारात धार काढून देत. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांतही जंतू निघाला. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने कमी झाला.

इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गायींमधला जंतू शोधला होता. माल्टाचा ताप वेगळा, गायीचं गाभडणं वेगळं, असंच सगळे धरून चालले होते.

ही दोन टोकं जोडली एका बाईने. अमेरिकेतली अ‍ॅलिस इव्हान्स ही शेतकऱ्याची मुलगी. आधी शिक्षिका, मग जंतूंची अभ्यासक. १९१८ मध्ये तिने लिहिलं की हे दोन्ही जंतू जवळचे नातेवाईक आहेत, गायीचं कच्चं दूध माणसालाही बाधू शकतं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ते पटेना. एक तर ती बाई, त्यात डॉक्टरेट नाही! १९२२ मध्ये काम करतानाच तिला हा आजार जडला आणि त्याने कित्येक वर्षं तिला छळलं. पण पुढे इतरांच्या तपासातूनही तेच निघालं. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. तिकडे दूध तापवूनच विकायचा नियम रुजला, त्यात तिच्या कामाचा मोठा वाटा आहे.

या आजाराला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या सगळ्यांना तो होतो. जनावर बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडतं, जार अडकतो, पुढे गाभ धरायलाही त्रास होतो. माणसाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर नि सांधेदुखी होते. गोठा आपणच झाडतो, जारही आपणच उचलतो, म्हणून धोका आपल्याला जास्त.

तेव्हा एवढं करूया. गाभडलेलं वासरू आणि जार उघड्या हाताने उचलायचा नाही. हातमोजे घालायचे, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कुत्र्यांना ओढू द्यायचं नाही. गरोदर बाईला तिथे जाऊच द्यायचं नाही. गाभडलेल्या जनावराचं रक्त डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. नवं जनावर घेतानाही तपासणी आधी, पैसे नंतर. धारोष्ण दुधाचं कौतुक पुरे, दूध उकळूनच प्यायचं. आणि लांबलेला ताप असेल तर दवाखान्यात सांगायचं, आमच्या घरी जनावरं आहेत.

कालवडी आणि वगारींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस देतात. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून ती पशुवैद्यकानेच टोचायची. २०१९ पासून केंद्र सरकारचा यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवूया: कुणाच्या गोठ्यात किती कालवडी, वय किती, लस झाली का? ती यादी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात सगळ्या मिळून जाऊया.

आणि कुणी पुन्हा विटाळाचं नाव काढलं, तर त्याला अ‍ॅलिसबाईंची गोष्ट सांगा.