बीपीची गोळी ॲम्लोडिपिन: बरं वाटलं तरी बंद का करू नये?

सरकारी दवाखान्यात बीपी जास्त निघालं की अनेकांना पहिली गोळी मिळते ती ॲम्लोडिपिनची. जनऔषधी केंद्रातही ती स्वस्तात मिळते. तरी काही महिन्यांत ती सोडून देणारे कमी नाहीत. ‘आता बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?’ असं त्यांचं म्हणणं असतं. पण बीपी नॉर्मल आलेलं असतं ते गोळीमुळेच. गोळी थांबली की काही दिवसांत ते पुन्हा चढतं.

गोळी काम कसं करते?

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात आणि दाब वाढतो. ही गोळी कॅल्शियमची ती वाट अडवते. वाहिन्या सैल होतात, दाब उतरतो, हृदयावरचा भारही हलका होतो. म्हणून चालताना, चढ चढताना छातीत दुखणाऱ्या म्हणजे अंजायनाच्या रुग्णांनाही ती देतात. खाण्यातल्या कॅल्शियमशी तिचं वैर नाही. दूध, नाचणी खुशाल खावी.

किती आणि कधी?

साधारणपणे 5 मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून एकदा. वयस्कर किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांना बऱ्याचदा 2.5 पासून सुरुवात करतात. जास्तीत जास्त डोस 10 मिलिग्रॅम. जेवणाआधी घ्या किंवा नंतर, वेळ मात्र रोज एकच ठेवा. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. एखाद्या दिवशी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

पाय सुजले तर?

घोट्याजवळ सूज येणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास आहे, डोस जास्त असेल तर अधिक. काहींचं डोकं दुखतं, चेहरा गरम होतो, धडधडतं. क्वचित हिरड्या सुजतात. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवा. ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. सूज हृदयाची वा किडनीचीही असू शकते, म्हणून तपासणी हवीच.

हे लक्षात ठेवा

- अचानक छातीत जोरात दुखलं तर ही गोळी लगेच आराम देत नाही. 108 ला फोन करा.
- गरोदर असाल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
- शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असं नाही.

वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवत नाही. कळतं ते लकवा किंवा हार्ट अटॅक आल्यावरच. म्हणून अंगाला काय वाटतं यावर न जाता बीपी मोजत राहा आणि गोळी चालू ठेवा.