शून्यावर ठेवलेला विश्वास

२१ जून २०२२, ४१ दिवस आधी

इथेरियमवर नोमॅड ब्रिजच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची नवी आवृत्ती चढवली जाते. नोमॅडचं काम इथेरियम, मूनबीम, एव्हमॉस, मिल्कोमेडा अशा एकमेकांची भाषा न समजणाऱ्या ब्लॉकचेन जोडण्याचं. खरा पैसा एका बाजूला कुलूपबंद राहतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच किमतीचं टोकन, म्हणजे त्या पैशाची पावती, मिळते. पावती परत आली की कुलूप उघडायचं.

पावती खरीच परत आली, हे इथेरियमला स्वतःहून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक संदेश आधी सिद्ध व्हावा लागतो. सिद्ध झाला की त्याच्यापुढे एका विश्वासार्ह 'मुळा'ची, म्हणजे संदेशांच्या गठ्ठ्याच्या सांकेतिक ठशाची, नोंद होते. सिद्ध न झालेल्या संदेशापुढे आपोआप शून्य असतं. त्या दिवशी नवी आवृत्ती सुरू करताना विश्वासार्ह मुळांच्या यादीत शून्यालाही जागा मिळते. 'तपासलेलं नाही' आणि 'मंजूर' यांतला फरक तिथेच पुसला जातो. जवळपास सहा आठवडे ही चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सार्वजनिक साखळीवर पडून राहते.

१ ऑगस्ट, संध्याकाळ

ब्रिजमध्ये सुमारे १९ कोटी डॉलर आहेत. खोटं मूळ कोणी पुढे केलं तर पकडता यावं म्हणून अर्ध्या तासाची मुदत आणि त्यावर नजर ठेवणारे पहारेकरी, अशी नोमॅडची रचना. ती विचारपूर्वक केलेली होती. पण आज कोणी खोटं मूळ आणणारच नाही. ज्याची वाट पाहत पहारा बसला आहे, ते घडणारच नाही.

रात्री ९:३२, जागतिक प्रमाणवेळ

भारतात २ ऑगस्टच्या पहाटेचे तीन वाजून दोन मिनिटं झालेली. इथेरियमवरच्या ब्रिजमधून एका व्यवहारात १०० रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे बिटकॉइनच्या किमतीची टोकनं, बाहेर पडतात. किंमत २० लाख डॉलरच्या वर. मूनबीमच्या बाजूला जमा झालेला आकडा होता अवघा ०.०१. कोणाची किल्ली चोरीला गेलेली नाही. संदेश सिद्ध करण्याची पायरीच गाळून थेट अंमलबजावणीची मागणी केली गेली आणि कॉन्ट्रॅक्टने, लिहिल्याबरहुकूम, ती मान्य केली.

त्यानंतर

ब्रिजवर याआधीही दरोडे पडले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्महोल, मार्चमध्ये रोनिन. ते जाणकारांचे हल्ले होते. इथे जाणकार असण्याची गरज उरत नाही. पहिला व्यवहार सगळ्यांना दिसतो आहे. तो जसाच्या तसा उचलायचा, पैसे घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी आपला पत्ता घालायचा आणि पाठवून द्यायचा. शेकडो पत्ते तुटून पडतात. डॉलरशी जोडलेल्या यूएसडीसी टोकनची २,०२,४४०.७२५४१३ ही एकच रक्कम, दशांशासकट, पुन्हा पुन्हा बाहेर जाताना दिसते. नक्कल करणाऱ्यांनी आकडाही बदललेला नाही.

मला या घटनाक्रमातलं सर्वांत क्लेशदायक पान हेच वाटतं. कोणीही तपासू शकेल, हे ब्लॉकचेनचं ब्रीद मला मनापासून पटतं. त्या रात्री त्याच उघडेपणाने लूट शिकवली. गर्दीत काही सज्जनही होते. चोरांच्या हाती लागण्याआधी पैसे काढून जपून ठेवावेत, असा त्यांचा हेतू. पण साखळीवर त्यांचा व्यवहार चोराच्या व्यवहारासारखाच दिसत होता.

मध्यरात्रीच्या सुमारास

घटनेची माहिती मिळाली असून तपास सुरू असल्याचं नोमॅड जाहीर करतं. मूनबीम आपलं जाळं देखभालीच्या अवस्थेत नेतं, म्हणजे नेहमीचे व्यवहार बंद. पण पैसा मूनबीमवर नव्हताच, तो इथेरियमवर होता. अशा शिलकींची आकडेवारी ठेवणाऱ्या डिफाय लामाच्या नोंदीत ब्रिजची शिल्लक दिसते ६५१ डॉलर.

२ ऑगस्ट, सकाळ

मूनबीम, एव्हमॉस, मिल्कोमेडावरच्या लोकांच्या वॉलेटमधून एक टोकनही हललेलं नाही. आकडे कालचेच आहेत. ज्या पैशाच्या त्या पावत्या होत्या, तो मात्र दुसऱ्या साखळीवरून गेला आहे आणि बाजारात या टोकनांचे भाव कोसळले आहेत. 'अनेक साखळ्यांवर चालणारं' असं मिरवणाऱ्या प्रत्येक ॲपने वापरणाऱ्याला पहिल्या पानावर सांगायला हवं, की तुमचा पैसा नेमका कुठे आहे आणि त्याची शाश्वती कोण देतं. या लोकांनी चूक केली नव्हती, धोका मात्र त्यांच्याच माथी होता.

पुढचे दिवस

किमान ९० टक्के परत करणाऱ्याला व्हाइट हॅट, म्हणजे सद्हेतूचा हॅकर, मानू, उरलेले १० टक्के बक्षीस, असं नोमॅड जाहीर करतं. यथावकाश सुमारे ३.६ कोटी डॉलर परत येतात. डिसेंबरमध्ये ब्रिज पुन्हा सुरू करताना पावतीधारकांना वाटायला हाती असतो तो एवढाच निधी, ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे.