बोसमनचा दावा

फुटबॉलमध्यें मधल्या फळीच्या खेळाडूचें काम सहसा डोळ्यांत भरत नाहीं. मागच्यांकडून चेंडू घ्यावा, पुढच्यांस द्यावा, आणि गोल झाल्यावर जयघोष दुसऱ्याच्या नांवाचा ऐकावा, हा त्याचा धर्म. बेल्जममधील लिएज शहरीं १९६४ सालीं जन्मलेला जाँ-मार्क बोसमन हा असाच एक खेळाडू. प्रथम स्टँडर्ड लिएज व नंतर त्याच शहरांतील आर. एफ. सी. लिएज या क्लबांकडून तो खेळला. केवळ खेळावरून त्याची आठवण फारशी कोणास राहिली नसती.

१९९० च्या जूनमध्यें त्याचा करार संपला. तोंवर त्यास दरमहा सरासरी १,२०,००० बेल्जियन फ्रँक मिळत. नव्या करारांत क्लबानें ३०,००० देऊं केले, आणि त्यानें ते नाकारले. येथवर गोष्ट साधी आहे. पगार परवडत नसेल तर माणसानें दुसरा धनी शोधावा. परंतु या खेळाच्या राज्यांत करार संपला तरी खेळाडू सुटत नसे; त्यास घेणाऱ्या क्लबानें जुन्या धन्यास मोबदला भरावा लागे. बोसमनवर लावलेली रक्कम होती १,१७,४३,००० फ्रँक. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. जुन्या पगारानें ही आठ वर्षांहून अधिक काळाची कमाई होते, आणि क्लबानें देऊं केलेल्या पगारानें बत्तीस वर्षांची! ज्याची चाकरी इतकी स्वस्त, त्याची सुटका एवढी महाग कशी, हा प्रश्न त्या वेळीं कोणा अधिकाऱ्यास पडलेला दिसत नाहीं.

या किंमतीस गिऱ्हाईक मिळालें नाहीं. फ्रान्समधील डंकर्कच्या दुय्यम श्रेणीच्या क्लबाशीं त्यानें स्वतः बोलणें जुळविलें. पण डंकर्क पैसे भरील कीं नाहीं या शंकेनें लिएजनें परवानगीचा दाखलाच मागविला नाहीं. उलट ३१ जुलै रोजीं त्यास निलंबित करविलें. सबंध हंगाम बुडण्याची पाळी आली. ८ ऑगस्टला त्यानें लिएजच्या न्यायालयांत दावा लावला.

तो पांच वर्षें चालला. मधल्या काळांत बोसमन कधीं सँ-कँतँ, कधीं दूर हिंदी महासागरांतील रेयुनियन बेट, असा भटकत राहिला. युरोपांतील क्लबांनीं त्यावर बहिष्कार घातल्याचीं चिन्हें लक्झेंबर्गच्या न्यायालयानें आपल्या निकालपत्रांतहि नमूद केलीं आहेत. प्रतिपक्षाचा मुद्दा असा, कीं मोबदला बंद झाला तर लहान क्लब मरतील व मुलांस शिकवून तयार करणारा कोणी उरणार नाहीं. हा मुद्दा आम्हांस अगदीं पोकळ वाटत नाहीं. पण शिकवणुकीचा खर्च एका चाकराच्या मानेवर कां बसवावा? तो मोबदला अनिश्चित असून खऱ्या खर्चाशीं त्याचा मेळ नाहीं, असेंच न्यायालयास दिसलें. १५ डिसेंबर १९९५ रोजीं, रोमच्या तहाच्या ४८ व्या कलमाच्या आधारें, करार संपलेल्या खेळाडूकरितां सभासद-राष्ट्रांच्या दरम्यान घेतला जाणारा मोबदला बेकायदा ठरला. आणि संघांत सभासद-राष्ट्रांचे परदेशी खेळाडू किती खेळवावे ही मर्यादाहि उडाली. इंग्लंडांत ईस्टहॅमच्या खटल्यांत १९६३ सालींच अशा बंधनांवर कोरडे ओढले गेले होते. युरोपानें तीस वर्षें त्याची दखल घेतली नाहीं.

निकालाचें फळ इतरांनीं चाखलें. १९९५ सालीं युरोपचें अजिंक्यपद मिळविणाऱ्या ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सचा एडगर डेव्हिड्स १९९६ सालीं मोबदल्यावांचून मिलानला गेला, आणि त्या संघाची पांगापांग होण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. क्लबांचे वांचलेले पैसे मोठ्या खेळाडूंच्या पगारांत गेले. बेल्जम व हॉलंडचे क्लब मात्र दुबळे झाले. बोसमनचें उमेदीचें वय न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यांत गेलें. पुढें तो खिन्नतेनें व मद्यानें ग्रासला गेला, आणि खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेस त्याच्या मदतीस जावें लागलें.

४ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्याच न्यायालयानें लासाना दियारा या फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणांत जागतिक संघटनेचे बदलीविषयक कांहीं नियम कायद्याविरुद्ध ठरविले. दियाराहि मधल्या फळींतलाच. आणि त्याच्या वकिलांत जाँ-लुई ड्यूपाँ होते, ज्यांनीं तरुणपणीं बोसमनचें वकीलपत्र घेतलें होतें.